‘पोरखेळ’ म्हणणाऱ्या वाचकास

ट्रॅक्टरच्या पुढे बकेट लावून शेणखत उचलणारा लोडर मी घरी बनवला, त्यावरच्या माझ्या लेखावर आपण लिहिलंत: ‘वेल्डिंग मशीन हातात आलं म्हणून कुणी इंजिनिअर होत नाही. 24 एचपीच्या ट्रॅक्टरचा पुढचा ॲक्सल हे ओझं पेलणार नाही, वॉरंटी जाईल, आणि कंपनीचा लोडर मिळत असताना हा पोरखेळ कशाला?’

लेख वाचायला वेळ काढलात, आभारी आहे. पण पहिलं वाक्य लागलं, आणि त्यावर बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

मी सातपूरच्या आयटीआयमधून वेल्डर ट्रेड केला. नंतर उमेदीची सगळी वर्षं अंबडच्या एका कारखान्यात प्रेशर व्हेसल, म्हणजे दाब सोसणाऱ्या टाक्या, जोडण्यात गेली. तिथे जोडात सुईच्या टोकाएवढं भोक निघालं, तरी जोड ग्राइंडरने खोदून पुन्हा भरावा लागायचा. लोडरच्या आर्मचे, म्हणजे बकेट उचलणाऱ्या दांड्यांचे, जोड मी 7018 या कमी हायड्रोजनच्या वेल्डिंग रॉडने भरले, तेही रॉड ओव्हनमध्ये सुकवून. कारण दमट रॉडमधला हायड्रोजन जोडात शिरतो आणि काम गार झाल्यावर तडा जातो. मग प्रत्येक जोडावर तडा दाखवणारी लाल डाय मारली, पुसली, वरून पांढरा डेव्हलपर फवारला. हायड्रॉलिक जॅक जिथे आर्मला बसतो तिथल्या एका कानाच्या, म्हणजे पिन धरणाऱ्या पट्टीच्या, कडेला बारीक लाल रेघ उमटली. तो कान मी कापून टाकला आणि नवा लावला. फोटोत हे दिसत नाही, म्हणून ते झालंच नाही, असं तुम्ही कशावरून ठरवलंत?

इंजिनिअरिंगचं म्हणाल, तर हिशेब लोखंड आणायच्या आधी वहीत केला होता. माझ्या ट्रॅक्टरच्या दोन ॲक्सलमधलं अंतर दीड मीटर. भरलेल्या बकेटचा भार पुढच्या ॲक्सलच्या 1.2 मीटर पुढे. बकेटमध्ये 150 किलो शेणखत घेतलं की मागची चाकं 120 किलोने हलकी होतात आणि पुढच्या ॲक्सलवर 270 किलो वाढतात. म्हणून मागे थ्री पॉइंट लिंकेजवर, म्हणजे अवजारं जोडायच्या दांड्यांवर, 160 किलोचा काँक्रीटचा ठोकळा आहे. तो मागच्या ॲक्सलच्या 75 सेंटिमीटर मागे लटकतो आणि पुढचा बोजा 80 किलोने उतरवतो. लोडरची फ्रेम नुसती पुढे बोल्ट केलेली नाही, मागच्या ॲक्सलच्या हाउसिंगपर्यंत नेली आहे, म्हणजे ताण ट्रॅक्टरच्या मधल्या एकट्या क्लच हाउसिंगवर येत नाही. 40 मिमी बोअरचा एक जॅक तेलाच्या 100 बार दाबाला साधारण 1280 किलोचा जोर लावतो, असे दोन. हा जोर आवरला नाही तर ट्रॅक्टरच आधी मोडेल, हे मला कळतं. दाब वाढला की तेल परत सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह त्यासाठीच आहे, बकेटही त्यासाठीच लहान ठेवली आहे. हा पोरखेळ आहे का?

मागच्या वजनाचा उल्लेख लेखात फार शेवटी आला, तो आधी यायला हवा होता. एवढं मान्य.

वॉरंटी कधीच संपली आहे, त्यावर बोलण्यासारखं काही नाही. कंपनीचा लोडर ज्याला परवडतो त्याने जरूर घ्यावा. पण दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांच्या नऊ फुटी ओळीत जेसीबी शिरत नाही. उन्हाळ्यातल्या खरड छाटणीआधी बोदात, म्हणजे वेलींच्या बुडाशी चढवलेल्या मातीत, शेणखत टाकायचं, तर पेठ-सुरगाण्याहून आलेल्या बाया उन्हात डोक्यावर घमेली वाहतात. माझ्या बागेत त्यांच्या डोक्यावरचं ते ओझं उतरलं. लोडर बनवायचं कारण हेच होतं, आणि लेखात पहिल्याच परिच्छेदात ते लिहिलेलं आहे. तुम्ही तो परिच्छेद वाचला असता, तर ‘कशाला’ हा प्रश्न पडला नसता.

बकेट वर असताना खाली कुणी उभं राहायचं नाही, उतरण्याआधी बकेट जमिनीला टेकवायची, तेलाच्या होजवर बाहेरून जाड स्लीव्ह चढवायची, हे सगळं लेखात आहे. माझ्या लोडरवर आजवर कुणाला खरचटलेलंही नाही.

ॲक्सल पेलणार नाही, असं तुम्ही छातीठोक लिहिलंत. मग किती किलोला तो जाईल, तेही लिहा, हिशेबासकट. तुमचा आकडा बरोबर निघाला तर बकेट आणखी लहान करीन आणि तसं इथेच लिहीन. आकडा नसेल, तर ‘पोरखेळ’ हा शब्द मागे घ्या.