तीन शून्यं

गणपतीच्या वर्गणीची यादी बोर्डावर लावायची होती. आमच्या मजल्यावर सहा घरं: ५०१, ०, ०, २५१, ०, १०१. नावं छापली की भांडणं होतात, म्हणून नुसते आकडे. खजिनदार काका म्हणाले, "अरे, ती शून्यं तेवढी काढ. बाप्पासमोर बरी दिसत नाहीत."

खोडरबर असतं तर दोन मिनिटांचं काम. पण मी पडलो संगणकवाला! पायथन या संगणकभाषेत तीन ओळी खरडल्या: यादीवरून एकेक आकडा बघत जा, शून्य दिसलं की 'रिमूव्ह'. उत्तर आलं ५०१, २५१, ०, १०१.

झालं काय, तर पंगतीत घुसलेले आगंतुक उठवायला यजमान निघालेत असं समजा. दुसऱ्या पाटावरचा उठवला, की पुढची सगळी रांग एकेक पाट अलीकडे सरकते. यजमान मात्र मान खाली घालून तिसऱ्या पाटाकडे. दुसरा आगंतुक सरकून रिकाम्या पाटावर बसलाय, आरामात श्रीखंड ओरपतोय. चौथ्या पाटावर तिसरा सापडतो. पण 'रिमूव्ह'ला आकडा सांगावा लागतो, जागा नाही. ते पुन्हा पहिल्यापासून शोधतं आणि त्या श्रीखंडवाल्याला उठवतं. पकडला एक, उठवला भलताच. पकडलेला अजून जेवतोय.

मग नवी स्वच्छ यादी केली. छापून आली जुनीच! छापणारा कोड मूळ यादीलाच धरून बसला होता. म्हणजे सफाई जागच्या जागीच करायची.

शेवटाकडून उलटं निघालं तर काम होतं, कारण सरकणारे आधीच तपासलेले असतात. पण दरवेळी सगळ्यांना सरकवायचं? (सहा घरांसाठी काय फरक पडतो म्हणा. पण हौस.) मी दोन बोटांची पद्धत घेतली. एक बोट वाचत पुढे जातं, दुसरं पुढचा चांगला आकडा लिहायच्या जागेवर थांबतं. एका फेरीत ५०१, २५१, १०१ पुढे आले. झकास! यादी छापली आणि झोपलो.

सकाळी काका खूश. "एकूण १२०५! मला वाटलं ८५३ होतील."

पोटात गोळा आला. चांगले आकडे पुढे आणले, पण मागची शेपटी छाटायची ओळ राहिली होती. २५१, ०, १०१ तिथेच. सी प्लस प्लस या दुसऱ्या संगणकभाषेतलं 'रिमूव्ह' हेच करतं: नाव काढण्याचं, काढत काहीच नाही. शेपटी 'इरेज'नं आपण छाटायची. २०२० च्या आवृत्तीत एकदाची ही दोन्ही कामं एकत्र आली.

काकांनी डबा मोजला. पुन्हा मोजला. "३५२ कमी भरतात रे." आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

मी मुकाट्यानं ३५२ ची पावती फाडायला सांगितली. नाहीतरी त्या तीन शून्यांतलं एक माझंच होतं.