वाल-चवळीच्या कोवळ्या रोपांना युरियाचा चमचा नको

भातकापणी झाली की कोकणात खाचरात, परसात वाल-चवळीची पेरणी सुरू होते आणि त्याच सुमारास व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरू लागतो: ‘बी रात्रभर भिजवा. रोज दोन वेळा भरपूर पाणी घाला. खालची पाने पिवळी पडली की दर आठवड्याला प्रत्येक रोपाला चमचाभर युरिया द्या. चार पानांवर शेंडा खुडा.’ हे सल्ले कोवळ्या रोपांच्या मुळावर येणारे आहेत.

सर्वांत घातक युरियाचा. तळाशी पिवळी पडून गळतात ती बियाची दले, म्हणजे बियाच्या दोन फाका. त्यांतला साठा रोपाने वापरला की ती सुकणारच, त्यावर उपाय करायचा नसतो. वाल-चवळीच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र धरतात. उगवणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी एक रोप अलगद खणून गाठ नखाने फोडून बघा. आत गुलाबी असेल तर काम नीट चालले आहे. मातीत आयता नत्र मिळाला की गाठी कमी धरतात, वेल नुसता माजतो, फुले लांबतात आणि लुसलुशीत शेंड्यांवर काळा मावा ही रस शोषणारी कीड बसते.

हिशोबही करून बघा. कडधान्याला साधारण हेक्टरी २५ किलो नत्र सांगतात, म्हणजे चौरस मीटरला अडीच ग्रॅम. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणून अख्ख्या हंगामात साडेपाच ग्रॅम युरिया. एक फूट अंतराने तेवढ्या जागेत अकरा रोपे बसतात. चमचा ५ ग्रॅमचा धरला तर एकाच आठवड्यात ५५ ग्रॅम! श्रावण घेवडा मात्र वेगळा: त्याच्या मुळांवर गाठी कमी येतात, म्हणून त्याला वरून नत्र लागतो. तोही थोडाथोडा, बुंध्यापासून चार बोटे लांब. आणि युरियात राख कधी मिसळू नका, नत्र अमोनिया होऊन उडून जातो.

दोन वेळा पाणी कशासाठी? कडवा वाल तर भातानंतर खाचरात अंगओलीवरच, म्हणजे जमिनीत उरलेल्या ओलाव्यावरच येतो. जांभ्या मातीतून किंवा किनाऱ्याच्या पुळणीतून पाणी लवकर निचरते, तिथे बोट दोन पेरे खुपसा. आत कोरडे लागले तरच द्या, तेही सकाळी. खाचराची चिकण माती सतत ओली राहिली तर मुळांना हवा मिळत नाही, पाने पिवळी पडतात आणि मग लोक पुन्हा युरिया टाकतात. बुंध्याशी पांढरी बुरशी आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर ती बुंधाकुज आहे. ते रोप भोवतालच्या मातीसकट काढून परसाबाहेर टाका.

बी भिजवायचेच तर चार-पाच तास पुरे. रात्रभर पाण्यात राहिले की साल फुटते, बी गुदमरते. ओल असलेल्या जमिनीत तर कोरडेच पेरा.

शेंडा खुडणे बुटक्या चवळीला लागतच नाही. मांडवावर चढणाऱ्या वालाचा खुडायचा तर वेल मांडवाला पोचल्यावर.

दले गळून गेल्यावरही रोप पिवळे पडून मान टाकत असेल तर बुंधा तपासा. तिथे सूज किंवा चीर दिसली तर खोडमाशीची अळी आत आहे. मेलेली रोपे उपटून जाळा, उरलेल्यांना दोन-तीन इंच मातीची भर द्या. भरीत नवी मुळे फुटतात आणि बरीच रोपे सावरतात.