गाडीत बसलो की मी गोरा होतो

मालावीत पायी निघालो की पोरं मला 'म्वेन्ये' म्हणतात. म्हणजे भारतीय, आणि इथं भारतीय म्हटला की बहुतेकांना दुकानदारच आठवतो. तोच मी आमच्या मिशनच्या दवाखान्याच्या गाडीत बसलो, शेजारी कोरियन डॉक्टर, मागे जर्मन नर्स, की तीच पोरं 'अझुंगू, अझुंगू' ओरडत मागे धावतात. गोरे आले! पहिल्यांदा मला हसू आलं होतं. आता येत नाही.

घरून फोन आला की विषय ठरलेला: परदेशी पैसा. २०२० साली एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवरचा भारतातला कायदा बदलला. परदेशी देणगी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत घ्यायची, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. तेव्हापासून शाळेतला मित्र म्हणतो, पैसा आटला की धर्मांतरं आटतील. आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, काका म्हणतात, हा आमच्या सेवेवरच घाला आहे. भारतात होतो तेव्हा मीही काकांच्या बाजूनं तावातावानं भांडायचो. आता वाटतं, दोघांचंही डोकं हिशेबाच्या वहीत अडकलंय. मिशनवर घ्यायचाच तर आक्षेप कंपाउंडच्या भिंतीवर घ्यावा.

हे आपल्याकडं एका ख्रिस्ती माणसानंच ओळखलं होतं. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पुढं अमेरिकन मराठी मिशनमध्ये वर्षानुवर्षं काम केलं आणि १९१७ मध्ये ते सोडून 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, न घेतलेल्यांनाही. लहानपणी आम्हाला टिळकांची भजनं पाठ होती. त्यांनी मिशन का सोडलं, हे कोणी सांगितलं नाही.

आता आमची भिंत. आम्ही पाच देशांतले सात जण एका आवारात राहतो. आमचा एकमेकांतला जिव्हाळा खोटा नाही, हे आधी सांगतो. ब्राझीलच्या सहकाऱ्याचे वडील गेले तेव्हा त्याला वेळेत पोहोचणं शक्यच नव्हतं. रात्रभर आम्ही त्याच्याजवळ बसलो, ज्यानं त्यानं आपापल्या भाषेत प्रार्थना केली. मी मराठीत केली. कोणाला एक शब्द कळला नसेल, पण त्यानं माझा हात सोडला नाही.

भांडणंही तितकीच खरी. जनरेटर कोणी चालू ठेवला, गाडी कोणी नेली, भांडी कोणाची पाळी. बायबलातले प्रेषित पौल आणि बर्णबासुद्धा आपल्या सोबत्याला, मार्काला, बरोबर न्यावं की नाही यावरून वेगळे झाले, मग आमचं काय! तोडगा आम्ही श्रीरामपूरकडून उचलला. नगर जिल्ह्यातलं नव्हे, बंगालमधलं. तिथं १८०० पासून केरी, मार्शमन आणि वॉर्ड हे इंग्रज मिशनरी आपल्या कुटुंबांसह एकत्र राहत, तिजोरी सामाईक. शनिवारी संध्याकाळी बसून आठवड्याचे रुसवे मिटवत. (१८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापणारे केरी ते हेच.) आम्हीही शनिवारी बसतो. उपाय लागू पडतो. इतका, की आम्हाला दुसऱ्या कोणाची गरजच उरत नाही.

आमचा रात्रीचा पहारेकरी सहा वर्षं आमच्याबरोबर आहे. फाटक किती वाजता लावायचं, किल्ली कोणाकडं ठेवायची, यावर शनिवारी अर्धा तास जातो आणि तो माणूस तेव्हा बाहेर फाटकाशी उभा असतो. तोही ख्रिस्ती आहे, त्याच्या मंडळीत वडील, म्हणजे कारभार पाहणाऱ्या पंचांपैकी एक, आहे. मी सुचवलं, त्याला आणि दोन स्थानिक नर्सना आत बोलवू. कोणी म्हणालं, भाषेचा प्रश्न येईल. कोणी म्हणालं, मग मोकळेपणानं बोलता येणार नाही. विषय पुढच्या महिन्यावर गेला आणि खरं सांगायचं तर मलाही हायसं वाटलं. माझीही गाऱ्हाणी त्याच्याबद्दलच होती.

काकांना हे फोनवर सांगितलं. ते म्हणाले, असलं बाहेर बोलू नकोस, विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल. मित्राला सांगितलं, तर त्यानं विचारलं, पण त्याचा पगार कुठल्या देशातून येतो?

गेल्या रविवारी संध्याकाळी आमची इंग्रजी प्रार्थनासभा होती. मी गेलो नाही. पहारेकऱ्याच्या मंडळीत गाण्याचा सराव असतो, तिकडं निघालो. इथली भाषा, चिचेवा, मला मोडकीतोडकी येते, सूर तर कुठल्याच भाषेत लागत नाही. गाडी आवारातच ठेवली होती. वाटेत पोरं ओरडली, "म्वेन्ये!"