शंभर लेकरं तपासून रेंज ठरत नाही, सर

सर, नमस्कार.

नवजात बाळांच्या रिपोर्टमधल्या लाल, म्हणजे छापलेल्या रेंजबाहेरच्या आकड्यांवर मी लिहिलं होतं, त्याखालची तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. सर परभणीचे, गणिताचे निवृत्त शिक्षक. सुनेचं बाळंतपण तिच्या माहेरी, जालन्याकडे झालं. नात वीस तासांची असताना रक्त घेतलं, टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारा हार्मोन) 28 आला, आणि रिपोर्टवर शेजारी रेंज छापलेली होती 0.4 ते 4. घरात रडारड. सहाव्या दिवशी पुन्हा तपासलं तर 5.8. सरांचं म्हणणं असं: ‘छापलेल्या रेंजवर जाऊ नका असं तुम्ही लिहिता, मग पालकांनी कशावर जायचं? रेंज परदेशी बाळांच्या असतील तर आपल्या मराठवाड्यातली शंभर लेकरं तपासा आणि आपली रेंज ठरवा. त्यात अवघड काय आहे? की पुन्हा पुन्हा तपासणीचे पैसे मिळतात म्हणून कुणी करत नाही?’

आधी तुमच्या नातीचा आकडा. त्या लॅबने जी रेंज छापली ती मोठ्या माणसाची. मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये एकदा भरलेली रेंज वय न बघता प्रत्येक रिपोर्टवर उमटत राहते, हे मी लातूरला लॅबमध्ये बसून रोज बघते. जन्मल्यावर अर्ध्या तासाच्या आत बाळाचा टीएसएच उसळी घेतो, 60 ते 80 पर्यंतही जातो. आईच्या पोटातून एकदम थंड हवेत आल्यावर शरीराने दिलेला तो प्रतिसाद असतो. पहिल्या चोवीस तासांत तो झपाट्याने उतरतो, पुढचे काही दिवस हळूहळू. म्हणून भारतातल्या बालहार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये दिलेली मर्यादा तासांवर बांधलेली आहे: 48 तासांनंतर 20, आणि 24 ते 48 तासांत घेतलेलं असेल तर 34. चोवीस तासांच्या आत घेतलेल्या रक्तावर निकालच द्यायचा नाही, पुन्हा घ्यायचं. हे आकडे सीरमचे, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या पाण्याचे. टाचेतून थेंब घेऊन वाळवलेल्या रक्ताच्या कार्डावरचा आकडा पूर्ण रक्ताच्या मापात असेल तर त्याला साधारण 2.2 ने गुणावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन घरांतल्या बायका बाळांचे आकडे ताडून बघतात तेव्हा एक कार्डाचा असतो, एक सीरमचा, आणि एकीची झोप फुकट उडते.

म्हणजे नातीचा 28 परदेशी रेंजमुळे लाल झाला नाही. चुकीच्या वयाच्या रेंजमुळे झाला.

आता तुमची शंभर लेकरं. तुम्ही गणिताचे, म्हणून हिशोबच मांडते. प्रयोगशाळेची नेहमीची रेंज म्हणजे निरोगी माणसांचे आकडे ओळीने लावून खालचे अडीच टक्के आणि वरचे अडीच टक्के कापून उरलेला मधला भाग. त्यासाठी किमान 120 जण घ्यावेत असा जगभर मान्य नियम आहे. 120 चे अडीच टक्के म्हणजे तीन. सगळी वरची मर्यादा टोकाकडून तिसऱ्या लेकरावर उभी! त्याचं रक्त घेताना टाच जास्त दाबली गेली असेल तर तुमची रेंज सरकली. आणि हे 120 एका खणाचे, म्हणजे एका गटाचे. टीएसएचला तासांचे खण वेगळे. 17-ओएचपी (अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या जन्मजात विकारासाठीची तपासणी) हिला गर्भाच्या आठवड्यांचे आणि वजनाचे खण वेगळे, कारण अपुऱ्या दिवसांच्या बाळात ती आजाराशिवायच खूप वर असते. रक्त चढवलेलं, शिरेतून पोषण चालू असलेलं बाळ बाजूला काढा. नाळेला किंवा आईच्या टाक्यांना आयोडीनचं औषध भरपूर लावलं असेल तर टीएसएच तात्पुरता चढतो, तेही बाजूला. शंभरातून किती उरतील?

शिवाय मधल्या 95 टक्क्यांची रेंज नवजात तपासणीला चालतच नाही. एका कार्डावर चाळीस घटक मोजले आणि प्रत्येकाला अशी रेंज लावली, तर घटक एकमेकांवर अवलंबून नाहीत असं धरून, ठणठणीत बाळाचा निदान एक आकडा बाहेर पडण्याची शक्यता किती? 0.95 चा चाळिसावा घात करा आणि एकातून वजा करा. 87 टक्के येतं. घरोघरी रडारड होईल. म्हणून इथे कापायची जागा 99 किंवा 99.5 टक्क्यांच्या आसपास धरतात, आणि ती पक्की करण्यासाठी आजारी बाळांचे आकडे समोर लागतात. लाखात एखाद्याला होणारा आजार शंभरात सापडायचा नाही, अख्ख्या जिल्ह्यातही काही वर्षांत एखादाच. त्यासाठीच अनेक देशांच्या प्रयोगशाळांनी कोट्यवधी निरोगी आणि दहा हजारांहून जास्त आजारी बाळांचे आकडे एकत्र केले. त्यावरून काढलेल्या मर्यादा 2011 मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांना परदेशी म्हणून बाजूला सारण्यात आपलाच तोटा आहे.

पण तुमच्या सूचनेत मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. सी-थ्री नावाचा एक घटक आहे, प्रोपिओनिलकार्निटीन. काही जन्मजात चयापचय विकारांत तो वाढतो. आईच्या शरीरात बी-12 कमी असेल तरीही बाळाचा सी-थ्री वाढू शकतो, कारण तो पुढे वापरला जायला बी-12 लागतं. आता आपल्याकडची घरं डोळ्यांपुढे आणा. माळकरी घर, मांस-अंडं वर्ज्य. दावणीला म्हैस आहे, पण दूध डेअरीला जातं, घरात उरतं चहापुरतं, आणि सुनेच्या वाट्याला तेवढंही येत नाही. अशा आयांची शंभर बाळं ‘निरोगी’ म्हणून मोजली तर सी-थ्रीची वरची मर्यादा वर सरकेल. मग खरा विकार असलेलं पण आकडा जरा कमीच वाढलेलं बाळ त्या रेंजच्या आत निवांत बसेल. आणि नुसती बी-12 ची कमतरता असलेली बाळं ‘नॉर्मल’चा शिक्का घेऊन घरी जातील. अंगावरच्या दुधाशिवाय दुसरं काही न मिळालेली अशी लेकरं पुढे सहा महिन्यांनंतर सुस्त होतात, शिकलेलं विसरतात, काहींच्या हातापायांना कंप सुटतो. आपल्याकडे जे सर्रास आहे ते निरोगी आहे असं धरून रेंज बांधायची, याला माझा ठाम विरोध आहे.

मग इथल्या लॅबने काहीच करायचं नाही का? करायचं. मोठ्या समूहाची मर्यादा घ्यायची, ती आपल्या मशीनवर, आपल्या किटवर बसते का ते पडताळायचं. मोठ्यांच्या नेहमीच्या तपासण्यांना वीस निरोगी नमुन्यांवर ही पडताळणी होते. वीसपैकी दोनपेक्षा जास्त बाहेर गेले नाहीत तर घेतलेली रेंज चालते. नवजातांसाठी त्यापुढे जाऊन आपल्या बाळांचा मध्य कुठे येतो ते महिनोन्‌महिने बघत राहायचं. तो सरकला तर आधी किट, मग नमुना, मग आयांचं पोषण तपासायचं. रेंजला हात सगळ्यात शेवटी.

नमुन्याबद्दल तर बोलायलाच हवं. मे महिन्यात पारा 42 वर असताना कार्ड पुण्या-मुंबईला निघतं. जी-6-पीडी हे तांबड्या पेशींतलं विकर (एन्झाइम) आणि गॅलॅक्टोसेमियासाठी, म्हणजे दुधातली साखर शरीराला वापरता न येण्याच्या जन्मजात आजारासाठी, मोजलं जाणारं विकर, दोन्ही उष्णतेने आणि दमटपणाने मरतात. आजार नसताना कमी दिसतात. कार्ड आडवं ठेवून, सावलीत, तीन-चार तास वाळू द्यायचं असतं. गाडीच्या काचेपुढे ठेवलेल्या कार्डावर कुठल्याच देशाची रेंज चालणार नाही. रक्तातल्या अमोनियाच्या तपासणीचं याहून वाईट: बर्फात ठेवून पंधरा-वीस मिनिटांत लॅबला पोचला नाही तर नळीतच वाढत जातो. तालुक्याहून तासभर प्रवास करून आलेला अमोनिया मी तपासायला घेत नाही, त्यावरून कितीही भांडणं होवोत.

पैशाबद्दल तुमचा राग मला समजतो. चोवीस तासांच्या आत रक्त घेतलं म्हणून पुन्हा तपासावं लागलं तर त्याचे पैसे पालकांकडून घेऊ नयेत, असं माझं मत आहे. पण पुन्हा तपासणं टाळू मात्र नका. थायरॉईडची खरी कमतरता भारतात साधारण हजार-बाराशे बाळांमागे एकाला असते, आणि गोळी पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली तर मेंदू वाचतो. फोन नंबर बापाचा, बाळ माहेरी, बाप ऊसतोडीला कारखान्यावर. आमचा अर्धा वेळ बाळाला शोधण्यात जातो.

शेवटी तुम्ही विचारलंय की मुलगा-सून मामा-आत्याचे आहेत, त्याने रेंज बदलते का. रेंज बदलत नाही. पण नात्यातल्या लग्नात दोघांकडून एकच दोष येण्याची शक्यता वाढते, म्हणून काठावर आलेला आकडा अशा घरात मी लवकर पुन्हा तपासते. टीएसएचपुरता नातीचा प्रश्न मिटलेला आहे. रिपोर्ट फाडू नका. पहिल्या रिपोर्टवर ‘वय 20 तास’ आणि दुसऱ्यावर ‘सहावा दिवस’ असं पेनाने लिहा आणि दोन्ही लसीकरणाच्या कार्डासोबत ठेवा. आणि सुनेचं बी-12 एकदा तपासून घ्या.