एकट्या सदस्याच्या हाती काय असते? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

अमेरिकेतील शहरांच्या निवडून आलेल्या शिक्षण मंडळांवरील माझ्या लेखाला आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे मला असे समजले: ज्यांनी कधी वर्गात शिकवले नाही, अशांनी शाळांची धोरणे ठरवू नयेत; पालक तक्रार घेऊन गेले, की हे सदस्य ‘योग्य मार्गाने जा’ एवढेच सांगून मोकळे होतात; आणि सॅन फ्रान्सिस्कोत जे घडले ते पाहता हे काम महापौरांनी नेमलेल्या जाणकारांकडे सोपवावे.

तक्रारीचा मुद्दा आधी घेतो, कारण गैरसमज तिथेच सर्वाधिक आहे. मंडळाच्या सदस्याला एकट्याला कोणताही अधिकार नसतो. रीतसर बोलावलेल्या बैठकीत, इतरांच्या बरोबरीने मत देण्यापुरताच तो असतो. मुख्याध्यापकांना फोन करून एखाद्या शिक्षकाची बदली करवून घेण्याची त्याला मुभा नाही, आणि ती नसणेच इष्ट आहे. शिवाय विद्यार्थ्याला शाळेतून काढणे किंवा कर्मचाऱ्याला बडतर्फ करणे अशी प्रकरणे अनेक ठिकाणी शेवटी याच मंडळापुढे सुनावणीला येतात. ज्याने एका बाजूची हकीकत ऐकून आधीच शब्द दिला आहे, त्याने त्या सुनावणीत निवाडा करायला बसणे न्यायाला धरून होणार नाही. म्हणून पालकाला आधी शिक्षक, मग मुख्याध्यापक, मग सुपरिंटेंडंट (शहरातील सर्व शाळांचे मुख्य प्रशासकीय अधिकारी) असा क्रम दाखवणे हे अंग काढून घेणे नव्हे. मात्र तो मार्ग दाखवून सदस्याचे कर्तव्य संपत नाही, हे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. पालकाला वेळेत लेखी उत्तर मिळाले का, आणि तशीच तक्रार आणखी चार शाळांतून येत आहे का, हे त्याने जाहीर बैठकीत विचारलेच पाहिजे.

आता जाणकारीचा प्रश्न. मंडळाने शिकवायचे नसते. सुपरिंटेंडंट नेमणे, त्यांच्या कामाचे मूल्यमापन करणे, अंदाजपत्रक मंजूर करणे आणि धोरण ठरवणे ही त्याची कामे. अंदाजपत्रकाचेच पाहा. कोविडच्या काळात, 2020 आणि 2021 मध्ये, अमेरिकी काँग्रेसने तीन कायद्यांद्वारे शाळांसाठी सुमारे 190 अब्ज डॉलर दिले. हा पैसा एकदाच मिळणारा होता, आणि त्यातील शेवटच्या व सर्वांत मोठ्या भागाची तरतूद करण्याची मुदत सप्टेंबर 2024 मध्ये संपली. अनेक ठिकाणी मात्र त्यातून समुपदेशक, परिचारिका आणि शिक्षकांची अशी पदे भरली गेली, ज्यांचे पगार मुदतीनंतरही द्यावे लागणार होते. पदे गरजेची होती, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु ‘हे पैसे संपल्यावर पगार कोठून देणार?’ हा प्रश्न विचारायला शिक्षणशास्त्राची पदवी लागत नाही. त्यासाठी लागते चिकाटी, शेकडो पानांचे अंदाजपत्रक वाचण्याची तयारी आणि उत्तर मिळेपर्यंत मत राखून ठेवण्याचे धैर्य.

नेमलेल्या मंडळाचा अनुभव शिकागोने घेतला आहे. 1995 च्या कायद्याने तेथील शाळा महापौरांच्या ताब्यात गेल्या. पुढच्या काळात शालेय शिक्षण पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रमाण वाढले, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण याच व्यवस्थेत 2013 मध्ये सुमारे 50 शाळा एकाच निर्णयाने बंद झाल्या. त्यांतील बहुतेक कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या होत्या. पालकांनी सुनावण्यांमध्ये कळकळीने विरोध केला. मात्र मत देणाऱ्यांपैकी एकालाही त्या पालकांपुढे पुन्हा मत मागायला जायचे नव्हते. काही शाळा ओस पडल्या होत्या आणि पैशांची तूट खरी होती, हे गृहीत धरले तरी ही उणीव मला फार गंभीर वाटते. पुढे 2021 मध्ये कायदा बदलला आणि नोव्हेंबर 2024 मध्ये त्या शहराने 21 पैकी 10 सदस्य प्रथमच मतदानाने निवडले.

सॅन फ्रान्सिस्कोबद्दल आपण लिहिलेले खरे आहे. कोविडमुळे शाळा बंद असताना मंडळाने 44 शाळांची नावे बदलण्याचा ठराव केला, पालक संतापले आणि ठराव मागे घ्यावा लागला. पण फेब्रुवारी 2022 मध्ये मतदारांनी तीन सदस्यांना मतदान करून मुदतीआधीच पदावरून दूर केले, ते तेथील मंडळ निवडून आलेले होते म्हणूनच. महापौरांनी नेमलेल्या सदस्याला पालक असे थेट घरी पाठवू शकले नसते.

आपला एक आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. या निवडणुकांना मतदार फार कमी येतात, आणि त्यामुळे एखादा संघटित गट आपली माणसे सहज निवडून आणू शकतो. मतदान वेगळ्या दिवशी ठेवले, तर हे अधिकच घडते. शिकागोची ही पहिली निवडणूक राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या दिवशीच झाली. इतर शहरांनीही निदान एवढे करावे, असे मला आग्रहाने वाटते.