तापल्यावर बोलू

बायकोच्या हेअर ड्रायरवर माझा काडीचाही हक्क नाही, हे मला मान्य आहे. माझ्या डोक्याकडे एकदा पाहिलंत तर तुम्हालाही मान्य होईल. तरीही परवा रात्री साडेअकरा वाजता तो ड्रायर मी एका धातूच्या गोळ्यावरून मायेनं फिरवत बसलो होतो. ती दारात येऊन उभी राहिली.

"कुणाचे केस वाळवतोयस?"

"मॅग्नेटो तापवतोय."

"का?"

"थंड असला की फार चांगला वागतो."

ती काही न बोलता झोपायला गेली. लग्नाला एकवीस वर्षं झाली की काही वाक्यांना उत्तर द्यायचं नसतं, हे कळतं.

माझी मोटारसायकल १९४८ची, एका सिलिंडरची, पाचशे सीसीची. तिला किल्ली नाही आणि ठिणगीसाठी बॅटरीही लागत नाही. मॅग्नेटो आपली वीज आपणच बनवतो. चुंबकाच्या जबड्यात आर्मेचर फिरतं. त्यावर जाड तारेचे काहीशे वेढे आणि त्यांच्यावर केसासारख्या तारेचे हजारो. जाड तारेतला प्रवाह ऐन भरात आला की पॉइंट, म्हणजे एकमेकांना टेकलेले दोन छोटे संपर्क, उघडतात, प्रवाह तुटतो आणि त्या हिसक्यानं बारीक तारेत हजारो व्होल्ट उभे राहतात. गाडी बंद करायची तर हँडलवरचं बटण दाबून जाड तारेला अर्थ द्यायचा, म्हणजे ती गाडीच्या सांगाड्याला जोडायची. अर्थ मिळाला की मॅग्नेटो गप्प होतो. लेखकांचं असं कधी होत नाही.

हा उच्च दाबाचा मॅग्नेटो गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ साली बॉशच्या कारखान्यात सिद्ध केला. त्याच्या आर्मेचरची आकृती बॉश आजही आपलं बोधचिन्ह म्हणून मिरवते. मी त्यांच्या जागी असतो तर एखादं फूल काढलं असतं.

तर आमच्या मॅग्नेटोचं दुखणं असं: सकाळी पहिल्या किकला गाडी सुरू. वीस मिनिटं झकास. कुठे थांबलो की संपलं. मग कितीही किका मारा, ढिम्म. या किकाबाजीत डीकॉम्प्रेसरची (सिलिंडरमधला दाब सोडून किक हलकी करणाऱ्या, आणि वेळ पडल्यास इंजिनही थांबवणाऱ्या झडपेची) केबलसुद्धा तुटली. अर्धा तास गाडीशेजारी हात चोळत बसलो की पुन्हा पहिल्या किकला सुरू. जाणकाराकडे ढकलत न्यावी, तर तिथे पोचेपर्यंत ती गार झालेली असायची आणि त्याच्यासमोर शहाण्या मुलीसारखी धडधडायची. तो माझ्याकडे बघायचा. बघण्यात कीव असायची.

शेवटी स्वतःच तपासायला घेतलं. प्लग काढून हेडला टेकवला आणि किक मारली. ठिणगी निळीशार! पण उघड्यावरच्या ठिणगीवर विश्वास ठेवणं म्हणजे काठावर हातवारे करणाऱ्याला पोहता येतं असं समजणं. सिलिंडरमध्ये दाबल्या गेलेल्या मिश्रणातून उडी मारायला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. ठिणगी तपासायची दुसरी पद्धत मला चुकून सापडली. केबलचं टोक माझ्याच हातात होतं आणि किक मारणाराही मीच होतो. ती पद्धत अचूक आहे, पण मी ती सुचवणार नाही.

पॉइंटचा गॅप फीलर गेजनं पाहिला: ०.३० मिमी, जसा हवा तसा. कार्बन ब्रश ठीक. स्लिप रिंग, म्हणजे आर्मेचरवरची वीज बाहेर पोचवणारं कडं, पुसली. उरला कंडेन्सर. पॉइंट उघडताना तिथे ठिणगी पडू नये म्हणून तो प्रवाहाचा धक्का पोटात घेतो. साधा मीटर लावला, तर प्रकृती उत्तम. पण माझ्या मीटरची बॅटरी नऊ व्होल्टची, आणि पॉइंट उघडतात तेव्हा कंडेन्सरवर शेकडो व्होल्ट येतात. घरी विचारलं की सगळे पाढे पाठ, परीक्षेत पाटी कोरी! म्हणून ड्रायर, म्हणून शेकडो व्होल्ट लावून गळती पाहणारा, उसना आणलेला इन्सुलेशन टेस्टर. मॅग्नेटो हाताला चटका बसेल इतका तापला आणि आकडा धाडकन घसरला. स्वतःची वस्तू नापास झाल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

हा कंडेन्सर आर्मेचरच्या टोकात दडलेला असतो आणि त्याच्याबरोबरच गरगरतो. म्हणजे सगळं उकलणं आलं. आता मॅग्नेटोच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो, सेफ्टी गॅपचा. आर्मेचर बाहेर ओढण्याआधी तो काढायचा असतो, कारण त्याचं टोक आत स्लिप रिंगच्या दोन कडांमध्ये शिरलेलं असतं. हे मला माहीत होतं. मी दोन जणांना ते समजावूनही सांगितलं होतं. मी आर्मेचर ओढलं. 'कट्' असा लहानसा, सभ्य आवाज आला.

नवीन स्लिप रिंग यायला तीन आठवडे लागले. त्याबद्दल जास्त बोलत नाही.

मग टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमक्या क्षणी पडेल असं जुळवणं. मॅग्नेटोचा दांडा निमुळता, त्यात गिअर अडकवून ठेवणारी खीळ नाही. गिअर निव्वळ घट्ट बसण्याच्या भरवशावर. पॉइंटमध्ये पातळ कागद धरायचा, हळूहळू फिरवायचं आणि कागद सुटला त्या क्षणी नट आवळायचा. नट आवळला की गिअर किंचित सरकतो. पुन्हा गिअर ओढून काढायचा पुलर, पुन्हा कागद. पाचव्यांदा तो जागेवर राहिला. माझ्या मते त्यालाच कंटाळा आला.

रविवारी पहिल्या किकला सुरू. तीस मिनिटं फिरवून आणली. दारात किकवर पाय ठेवूनच बंद केली... म्हणजे करायला गेलो. बटण दाबलं. काही नाही. जोरात दाबलं. बटणाची तार मॅग्नेटोला जोडायचीच राहिली होती. ती माझ्या शर्टाच्या खिशात होती. डीकॉम्प्रेसरची केबल तुटलेलीच. पेट्रोलचा कॉक बंद केला आणि कार्बुरेटरमधली पेट्रोलची वाटी, म्हणजे फ्लोट चेंबर, रिकामी व्हायची वाट बघत उभा राहिलो.

बायको बाहेर आली. एका हातात फोन, दुसऱ्या हातानं कान झाकलेला.

"झाली का चालू?"

"झाली!"

"छान. आता बंद कर, मी फोनवर बोलतेय."

"करतो," मी ओरडलो, "पाच मिनिटांत!"