पाचपैकी तीन

हिमस्खलनाच्या धोक्याची पाच पायऱ्यांची मोजपट्टी युरोपात १९९३ साली ठरली. तिच्यातल्या तिसऱ्या पायरीविषयी माझी जुनी तक्रार आहे. पाचपैकी तीन म्हटले की आपले शाळकरी मन त्याचे ६० टक्के करते आणि ‘मधलाच तर धोका आहे’ असे म्हणून स्की बांधायला घेते. वास्तविक प्रत्येक पायरीगणिक धोका सारख्या मापाने नव्हे, तर झपाट्याने वाढतो, आणि स्वित्झर्लंडमध्ये सर्वाधिक बळी जातात ते तिसरी पायरी जाहीर असतानाच. चौथी-पाचवी लागली की बहुतेक लोक तीव्र उतारांकडे फिरकतच नाहीत.

तिसऱ्या पायरीचा दिवस फसवा ठरतो तो हिमथराच्या रचनेमुळे. हंगामाच्या सुरुवातीला बर्फ पातळ असतो, जमिनीलगतचे तापमान शून्याच्या आसपास राहते आणि वरची हवा मात्र कडाक्याची थंड असते. मीटरभर जाडीत साधारण १० अंशांहून अधिक फरक पडला, की बाष्प खालून वर सरकते आणि बर्फाचे कण एकमेकांना धरून न राहता साखरेसारखे सुटे, कंगोरेदार होतात. त्यावर पुढची हिमवादळे आणि वारा मिळून घट्ट पाटा, म्हणजे एकसंध कडक थर, रचतात. मग आकाश निवळते, वरचा बर्फ पायाला पक्का लागतो, आणि खालचा दुबळा थर आठवडेच्या आठवडे तसाच राहतो. चालताना ‘धप्प’ असा दबका आवाज आला, तर तो थर कोसळलेला असतो. तो ऐकूनही वर चढणाऱ्याला मी धाडसी म्हणणार नाही.

‘कालच चौघे इथून गेले’ हा युक्तिवाद मला सर्वांत घातक वाटतो. ते गेले तिथे पाटा जाड असेल. पाचवा एखाद्या खडकाशेजारी, जिथे तो पातळ आहे, नेमका तिथे पाय देतो आणि भेग साऱ्या उतारभर धावते. जीवघेण्या अपघातांपैकी सुमारे ९० टक्के अपघातांत हिमस्खलन सुरू होते ते बळी पडलेल्याच्या किंवा त्याच्या सोबत्याच्याच वजनाने.

बीकन (गाडल्या गेलेल्याचा ठावठिकाणा सांगणारे संदेशयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडे जवळ हवेतच; पण गाडल्या गेलेल्याची जगण्याची शक्यता पहिल्या १०-१५ मिनिटांनंतर वेगाने घसरते, आणि खडकावर आपटलेल्याला तेवढाही वेळ मिळत नाही. म्हणून तिसऱ्या पायरीच्या दिवशी मी कोनमापक काढतो. बहुतेक पाटे ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात, तेव्हा वाट ३० अंशांच्या आतली निवडतो, आणि तिच्या डोक्यावरही तीव्र उतार नाही ना, हे पाहतो. सोबतचे कंटाळतात, हे कबूल.